पोस्टिंगवर ‘व्यावसायिक वर्तन’ म्हणजे नेमकं काय बघतात?

प्रश्न थोडक्यात असा: व्यवसायोपचाराच्या (ऑक्युपेशनल थेरपीच्या) तिसऱ्या वर्षाची विद्यार्थिनी, पुढच्या महिन्यात मुंबईतल्या एका मोठ्या पालिका रुग्णालयात पहिली पूर्णवेळ पोस्टिंग, म्हणजे रुग्णांसोबतचं प्रत्यक्ष प्रशिक्षण. मूल्यमापनाच्या फॉर्मवर ‘व्यावसायिक वर्तन’ असा रकाना आहे आणि त्यापुढे वक्तशीरपणा, पोशाख, संवाद एवढे तीनच शब्द. त्यात नेमकं काय बघतात आणि मुलं कुठे अडकतात?

त्या तीन शब्दांवर फार विसंबू नका. एखाद दिवस उशीर झाला किंवा एप्रन चुरगळलेला असला म्हणून सहसा कुणाची पोस्टिंग वाया जात नाही, बोलणी बसतात. मुलं अडकतात ती लपवल्यामुळे. येत नसलेलं येतं म्हणून सांगणं, न मोजलेला सांध्याचा कोन मोजला म्हणून लिहिणं, रुग्ण खुर्चीवरून घसरला पण लागलं नाही ना, म्हणून गप्प बसणं. ‘झाकली मूठ सव्वा लाखाची’ ही म्हण बाकी कुठेही चालो, वॉर्डात ती धोक्याची आहे. सुपरवायझर तुमच्या सहीखाली स्वतःची सही करतात. तुम्ही जे झाकता त्याची जबाबदारी त्या नकळत अंगावर घेत असतात. म्हणून पुढे जे येतंय त्यातलं बरंचसं काय सांगायचं, कुणाला आणि केव्हा, याबद्दलच आहे.

आधी एक काम आजच करा: हिपॅटायटिस-बीची लस पूर्ण झाली आहे का ते बघा. ही लस ०, १ आणि ६ महिने अशा तीन डोसांत होते, आणि शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी अँटीबॉडीची पातळी १० mIU/mL किंवा त्याहून जास्त आली तर संरक्षण मिळालं असं धरतात. पोस्टिंगच्या आदल्या आठवड्यात आठवण झाली तर उशीर झालेलाच असतो. तसं असेल तर पहिला डोस घ्या आणि ‘माझे डोस अपुरे आहेत’ हे विभागात आपणहून सांगा. आणि विभागात आधी एकदा प्रत्यक्ष जाऊन या. जुन्या रुग्णालयांच्या इमारतींत आपला विभाग कुठल्या कोपऱ्यात दडलेला असेल सांगता येत नाही.

पोशाखाच्या नियमांमागची कारणं कळली की नियम पाठ करावे लागत नाहीत. ओढणी व्हीलचेअरच्या चाकात जाते. ओळखपत्राची गळ्यातली लांब दोरी तुम्ही वाकलात की रुग्णाच्या तोंडावर आपटते, आणि लहान मुलं तीच धरून लोंबकळतात, म्हणून क्लिपचं ओळखपत्र घ्या. अंगठी, घड्याळ, वाढलेली नखं संवेदना गेलेल्या हातावर ओरखडे काढतात आणि त्या माणसाला ते कळतही नाही. चपला नकोत, कारण रुग्णाला उचलताना तुमचा पाय घसरला तर दोघंही खाली. उग्र अत्तर संवेदी अडचणी असलेल्या मुलाचं अख्खं सत्र बिघडवू शकतं. हात रुग्णाला लावण्याआधी आणि नंतर: सॅनिटायझरने २० ते ३० सेकंद, साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, आणि हात दिसायलाच मळके असतील तर साबणच. एप्रन घालून कँटीनमध्ये किंवा लोकलमध्ये जायचं नाही. दादरच्या पुलावर एप्रन मिरवणारी मुलं रोज दिसतात, म्हणून ते बरोबर ठरत नाही.

वेळ. मुंबईत लोकल उशिरा येणं ही बातमी नाही, त्यामुळे ते कारणही होऊ शकत नाही. रोजच्या हिशेबात एक गाडी आधीची धरा. ओपीडी नऊला असेल तर पावणेनऊला विभागात असा, कारण मॅट पुसणं, साहित्य काढणं, पहिल्या रुग्णाचे कागद वाचणं हे सगळं त्या पंधरा मिनिटांत होतं. पक्षाघाताचा रुग्ण विरारहून किंवा कसाऱ्याहून येतो तेव्हा त्याच्यासोबतच्या माणसाचा कामावर खाडा झालेला असतो, शेवटच्या टप्प्याला टॅक्सीही केलेली असते. तुमच्या वीस मिनिटांत त्याचं निम्मं सत्र जातं. पावसाळ्यात हिंदमाता किंवा शीवला पाणी भरून खरोखरच अडकलात, तर ग्रुपवर पाण्याचा फोटो टाकला म्हणजे कळवलं असं होत नाही. फोन करा आणि तीन गोष्टी सांगा: किती उशीर होणार, आज माझ्याकडे कोणते रुग्ण आहेत, आणि त्यांतलं काय थांबू शकत नाही. ‘काल ज्यांना नवीन स्प्लिंट (हाताला आधार देणारा साचा) दिला त्यांची त्वचा आज कुणीतरी पाहायलाच हवी’, हे तिसरं वाक्य बहुतेक मुलं विसरतात आणि खरं महत्त्व त्यालाच असतं.

मैत्रिणीकडून हजेरी लावून घेणं हा मात्र वक्तशीरपणाचा प्रश्न राहत नाही, ती खोटी नोंद आहे. जागतिक व्यवसायोपचार महासंघाच्या किमान निकषांप्रमाणे पदवीच्या काळात निदान १००० तासांचं प्रत्यक्ष प्रशिक्षण व्हावं लागतं. न केलेला तास लॉगबुकात लिहिणं आणि न केलेला उपचार केसपेपरवर लिहिणं ही एकाच जातीची चूक आहे, आणि सुपरवायझर दोन्हींकडे तसंच बघतात.

ओळख करून द्यायची पद्धत आधीच घोटून ठेवा. मुंबईच्या केईएम रुग्णालयात १९५० साली कमला निंबकर यांनी व्यवसायोपचाराचं प्रशिक्षण सुरू केलं, त्याला पाऊणशे वर्षं झाली, तरी ‘ओटी’ म्हटलं की लोकांना ऑपरेशन थिएटरच आठवतं. ‘ओटीला न्यायचंय’ एवढंच ऐकून घाबरलेले नातेवाईक तुम्हालाही भेटतील. म्हणून पूर्ण सांगा: ‘नमस्कार काका, मी व्यवसायोपचाराची विद्यार्थिनी, तिसऱ्या वर्षाला आहे. अंघोळ, कपडे, जेवण ही रोजची कामं परत आपली आपण करता यावीत यासाठी आम्ही मदत करतो. आज तुम्ही शर्ट कसा घालता ते बघायचंय, वीसेक मिनिटं लागतील. मॅडम इथेच आहेत. मी केलं तर चालेल का? नको असेल तर त्या स्वतः करतील.’ शेवटचं वाक्य गाळू नका. विद्यार्थ्याला नकार दिला तर उपचारच मिळणार नाहीत अशी भीती पालिका रुग्णालयातल्या रुग्णाला खरोखर वाटते, आणि भीतीपोटी हलवलेली मान म्हणजे संमती नव्हे. रुग्ण ‘डॉक्टर’ म्हणाले तर पहिल्याच वेळी ‘मी अजून शिकतेय’ म्हणून दुरुस्त करा. पुढे कितीदा म्हणाले तरी मग तुमच्याकडून फसवणूक झालेली नसते.

वॉर्डात शिरल्यावर आधी सिस्टरांशी बोलायचं, रुग्णाशी नंतर. अमुक खाटेवरच्या आजींना अर्ध्या तासासाठी विभागात नेऊ का, त्यांचं इंजेक्शन किंवा ड्रेसिंग किती वाजता आहे, डॉक्टरांचा राउंड झाला का, हे विचारा. न सांगता रुग्ण हलवला आणि मागे युनिटचा राउंड आला, की त्या वॉर्डात महिनाभर तुमचं कुणी ऐकत नाही. तो राग रास्त असतो. व्हीलचेअर ढकलणारे मामा आणि खाट आवरणाऱ्या मावशी यांना नावानं हाक मारायची नाही, मामा-मावशीच म्हणायचं, आणि आपलं काम त्यांच्यावर ढकलायचं नाही. कोणता रुग्ण रात्री झोपत नाही, कुणाचे घरचे चार दिवस फिरकले नाहीत, हे त्यांना केसपेपरपेक्षा जास्त ठाऊक असतं.

संमती एकदा घेतली की झालं असं आपल्या विषयात नसतं, कारण आपण माणसाच्या अगदी खाजगी कामांत शिरतो. कपडे बदलणं, अंघोळ, संडासला बसणं यांची पाहणी करताना पडदा ओढलेला हवा, आणि स्त्री रुग्णासोबत पुरुष विद्यार्थी असेल तर मावशी, सिस्टर किंवा घरची स्त्री तिथे हवी. जेवढा भाग बघायचा तेवढाच उघडा, आणि ‘आता बाही काढते’ असं आधी सांगून मग हात लावा. उजव्या बाजूला पक्षाघात झालेल्या माणसाला ‘डाव्या हातानं जेवा’ हे पुस्तकात एका ओळीत येतं. पण अनेक घरांत डावा हात ताटात घालणं ही लाजेची गोष्ट असते. आधी विचारा. कुणी चमच्यानं डाव्या हातानं जेवायला तयार होतं, कुणी भरवून घेणं पसंत करतं, कुणाला उजव्या हाताला आधार देऊन घास न्यायचा असतो. हातावर सूज असेल तर अंगठी आणि बांगड्या लवकर उतरवाव्या लागतात, नाहीतर नंतर कापाव्या लागतात. पण हिरव्या बांगड्या किंवा मंगळसूत्र ही तुमच्यासाठी अडचण असली तरी त्या बाईसाठी वेगळंच काही असतं. कारण सांगा, होकार घ्या, साबण लावून हळू काढा, सिस्टरांसमोर नातेवाइकांच्या हातात द्या आणि तशी नोंद करा. दागिना स्वतःच्या खिशात क्षणभरही ठेवायचा नाही.

भाषेचंही तसंच. रुग्ण फक्त गुजराती किंवा उर्दू बोलत असेल तर त्यांच्या शाळकरी मुलाला दुभाषी करू नका, विशेषतः शौच, मासिक पाळी, लैंगिक प्रश्न असे विषय असतील तेव्हा. विभागात कुणाला तरी ती भाषा येते, शोधा. बोलता न येणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत घरच्यांनाच सगळं विचारून मोकळं व्हायचा मोह होतो. हो-नाहीची खूण ठरवा, आणि ती खात्रीची आहे का हे पाहायला उत्तर माहीत असलेला एक प्रश्न आधी विचारा.

आता ‘मला येत नाही’ हे वाक्य. सगळ्यात महाग पडतं ते हेच न बोलणं, म्हणून दोन उदाहरणं तपशिलात देतो.

पहिलं, अर्धांग झालेल्या रुग्णाला व्हीलचेअरवरून खाटेवर घेणं. वाचलेलं असतं, वर्गात एकमेकांवर केलेलं असतं, म्हणून मुलं ‘हो, येतं’ म्हणतात. पण वर्गातल्या मैत्रिणीचा तोल शाबूत असतो. खुर्ची खाटेला ३० ते ४५ अंशांत, रुग्णाची बरी बाजू खाटेकडे, दोन्ही ब्रेक लावलेले, पायठेवणी वर, लघवीची नळी कुठे अडकलेली नाही आणि पिशवी मूत्राशयाच्या पातळीखाली, पार्श्वभाग खुर्चीच्या कडेपर्यंत पुढे, पावलं जमिनीवर सपाट, कमरेला पट्टा. यातली एक पायरी चुकली की उरलेलं सगळं ताकदीवर येतं, आणि ताकद कमी पडली की हात आपोआप रुग्णाच्या काखेत जातो. दुबळ्या खांद्याचा सांधा असाच निखळतो, आणि पुढे महिनोन्‌महिने तो दुखरा खांदा पुनर्वसन अडवून धरतो. म्हणून आधी दोनदा बघा, मग एकदा सुपरवायझरचा हात सोबत असताना करा, आणि त्यांनी ‘आता एकटी कर’ असं स्पष्ट म्हटल्याशिवाय एकटीनं करू नका. रुग्ण बरेच दिवस पडून असेल तर आधी खाटेच्या कडेला बसवून थांबा. वरचा रक्तदाब २० नं किंवा खालचा १० नं उतरला, किंवा चक्कर आली, तर त्या दिवशी उभं करण्याचा विचार सोडा आणि कळवा. नातेवाईक किंवा मामा काखेत हात घालून ओढत असतील तर चारचौघांत झापू नका. ‘मामा, खांदा दुखतोय त्यांचा, पट्ट्याला धरूया का आपण दोघं?’ एवढं पुरतं.

दुसरं, स्प्लिंट. स्प्लिंट ज्यापासून बनतो ती थर्मोप्लास्टिकची (गरम केल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकची) शीट मऊ करायला पाणी साधारण ६५ ते ७५ अंश सेल्सिअसचं लागतं. शीट बाहेर काढून टॉवेलवर टिपायची आणि रुग्णाच्या हाताला लावण्याआधी स्वतःच्या दंडाच्या किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायची. कुष्ठरोग, मधुमेह किंवा मज्जातंतूची इजा असेल तर रुग्ण ‘गरम नाही लागत’ म्हणेल. ते खरंच असतं, आणि तोच धोका आहे. बसवल्यावर २० ते ३० मिनिटं विभागातच घालून ठेवा, मग काढून हाडांच्या उंचवट्यांवर लाली बघा. स्प्लिंट काढल्यावर वीसेक मिनिटांत ती लाली गेली नाही तर तिथे दाब आहे, सुधारा. सुपरवायझरनं हात लावून पाहिल्याशिवाय स्प्लिंट घरी जाणार नाही, हे स्वतःशी पक्कं ठरवा, मग ओपीडीत कितीही गर्दी असो. कंडरा (टेंडन) शिवलेला हात समोर आला तर शस्त्रक्रियेची तारीख आणि सर्जनची सूचना वाचल्याशिवाय ‘मूठ मिटा बघू’ असं गमतीतही म्हणू नका. पहिल्या काही आठवड्यांत एका जोरकस मुठीनं शिवण तुटू शकते.

चूक होतेच. ती झाल्यावरच्या पाच मिनिटांत तुम्ही काय करता यावर वर्तनाचे गुण ठरतात. रुग्ण पडायला लागला तर ओढून उभं करायचा हट्ट न धरता अंगाशी धरून हळूहळू जमिनीवर टेकवा, एकटीनं उचलू नका, हाक मारा, डोक्याला मार आहे का पाहू द्या, रक्तदाब आणि नाडी घेऊ द्या. मग सुपरवायझरना सांगा. संध्याकाळी नाही, तेव्हाच. नोंद करताना दिसलं तेवढंच: किती वाजता, कुठे, कोण हजर, रुग्ण काय म्हणाला, काय केलं. ‘निष्काळजीपणामुळे’ किंवा ‘रुग्णाच्या हट्टामुळे’ असे निवाडे लिहायचे नाहीत. चादरीत राहिलेली सुई टोचली तर जागा साबण-पाण्यानं धुवा, पिळू नका, बोट तोंडात घालू नका, आणि लगेच कळवा. एचआयव्हीवरची प्रतिबंधक औषधं दोन तासांच्या आत सुरू झालेली उत्तम, ७२ तासांनंतर उपयोग नाही, आणि ती २८ दिवस घ्यावी लागतात. लाजेखातर सोमवारपर्यंत थांबलेल्या मुलीला मदत करणं कुणाच्याच हातात राहत नाही.

नोंदींकडे वळू. बहुतेक ठिकाणी चार भागांची पद्धत असते: रुग्ण काय म्हणतो, तुम्ही काय पाहिलं-मोजलं, त्याचा अर्थ काय, पुढे काय करणार. नोंदी इंग्रजीत असल्या तरी पहिल्या भागात रुग्णाचे शब्द त्याच्या भाषेतलेच राहू द्या. ‘डब्याचं झाकण उघडत नाही’ आणि ‘पायजम्याची नाडी बांधता येत नाही’ ही दोन वेगळी ध्येयं आहेत. ‘पकड कमी’ असं लिहिलं की दोन्ही हरवतात. दुसऱ्या भागात ‘बरं आहे’, ‘सुधारणा’ असले शब्द नकोत. ‘उजवी बाही स्वतः घातली, डाव्या बाहीला मदत लागली, बटणं लावता आली नाहीत, एकूण ९ मिनिटं’ असं लिहा.

आणि आकडे. गोनिओमीटरनं, म्हणजे कोनमापकानं, तोच सांधा तीच व्यक्ती पुन्हा मोजते तेव्हासुद्धा चार-पाच अंशांचा फरक सहज पडतो. त्यामुळे सलग तीन आठवडे ९५, ९५, ९५ अशी रांग दिसली की जाणत्या सुपरवायझरना कळतं की कालचा आकडा आज उतरवलाय. त्या तेव्हा काही बोलत नाहीत, दुसऱ्या दिवशी तुमच्यासमोर स्वतः मोजतात. मोजायला वेळ मिळाला नसेल तर ‘आज मोजमाप घेतलं नाही’ असं लिहा. या वाक्यानं आजवर कुणाचे गुण गेलेले नाहीत. चूक झाली तर एक आडवी रेघ, शेजारी आद्याक्षरं आणि तारीख. व्हाइटनर किंवा गिरगटणं नको, मधे जागा सोडायची नाही, मागाहून लिहिलं तर ‘उशिराची नोंद’ म्हणून आजची तारीख घालायची. सहीसोबत ‘विद्यार्थिनी’ हा शब्द आणि सुपरवायझरची सही त्याच दिवशी. सह्या साठवून शेवटच्या शनिवारी गठ्ठा पुढे करणाऱ्यांबद्दल विभागात काय बोललं जातं ते तुम्हाला कुणी सांगणार नाही, पण फॉर्मवर उमटतं.

गोपनीयतेचा भंग मुंबईत सर्वांत जास्त कुठे होत असेल, तर घरी जाताना लोकलच्या डब्यात. दिवसभराच्या केसेस मैत्रिणीला सांगायला परळ ते ठाणे एवढा निवांत वेळ मिळतो, आणि समोरच्या बाकावर त्याच वॉर्डातल्या रुग्णाची वहिनी बसलेली असते. नाव घेतलं नाही म्हणजे ओळख लपली असं नसतं. ‘भाजीवाली, दोन्ही हात मशीनमध्ये गेलेली’ एवढं पुरे. लॉगबुकात आद्याक्षरं आणि वय लिहा, केसपेपरचा क्रमांक नको, कारण वह्या गाडीत विसरतात. सादरीकरणासाठी फोटो किंवा व्हिडिओ लागला तर लेखी संमती, शक्य तिथे विभागाचाच कॅमेरा, आणि नुसता चेहरा धूसर करून भागत नाही: हातावर गोंदलेलं नाव, खाटेवरची पाटी, मागे पडलेला केसपेपर हे सगळं तपासा. बॅचच्या ग्रुपवर ‘इंटरेस्टिंग केस’ म्हणून एक्स-रे टाकणं बंद. मनोरुग्णांच्या बाबतीत तर मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ गोपनीयता हा रुग्णाचा हक्कच मानतो.

पैशाचा विषय फॉर्मवर नसतो, पण येतो. पेढ्यांचा पुडा आला तर विभागात सगळ्यांसमोर उघडा, सुपरवायझरना सांगा. रोख रक्कम, पाकीट, साडी घ्यायची नाही. ‘आम्हाला परवानगी नाही, पण तुम्ही म्हणालात यातच आलं’ असं म्हणून परत करा. जास्त अवघड विनंती ही असते: ‘ताई, घरी येऊन कराल का? द्यायचे ते देऊ.’ इथे संकोचानं ‘बघते’ म्हणू नका, कारण समोरचा ते हो समजतो. तुम्ही अजून राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडे नोंदणी झालेल्या उपचारक नाही. देखरेखीशिवाय घरी जाऊन उपचार करणं रुग्णासाठीही धोक्याचं आणि तुमच्यासाठीही. ‘मी विद्यार्थिनी आहे, मला एकटीनं उपचार करता येत नाहीत. घरच्या व्यायामाचं मॅडमना विचारून लिहून देते.’ स्वतःचा मोबाइल क्रमांक द्यायचा नाही, विभागाचा द्यायचा. विभागातर्फे गृहभेट ठरली तर गोष्ट वेगळी. तेव्हा चाळीतल्या दहा बाय दहाच्या खोलीत पोटमाळा, मोरी, बाहेरचा सामाईक संडास हे सगळं मोजायचं असतं, नाक मुरडायचं नसतं.

मनोविकार विभागातला एक नियम बाकी सगळ्यांआधी शिका: कात्री, सुया, दाभण, रंगांच्या बाटल्या सत्राआधी मोजायच्या, सत्रानंतर मोजायच्या, आणि आकडा जुळल्याशिवाय कुणीही खोली सोडायची नाही. तुम्ही दाराच्या बाजूला बसा. ‘कुणाला सांगणार नसशील तर सांगतो’ असं रुग्ण म्हणाला तर आधीच स्पष्ट करा की जिवाला धोका असेल ती गोष्ट मला सांगावीच लागते, आणि आत्महत्येचा उल्लेख आला तर रुग्णाला एकटं न सोडता तेव्हाच सुपरवायझरना कळवा. बालविभागात झोपाळ्याचा हूक आणि दोर रोज ओढून पाहा, तोंडात घातलेली खेळणी वेगळ्या टोपलीत टाका, मुलाकडे पाठ करू नका. ‘ऑटिझमच आहे का हो?’ या आईच्या प्रश्नावर अंदाज बांधायचा नाही: ‘हे मॅडम तुमच्याशी बसून बोलतील, मी त्यांना आत्ताच सांगते’, आणि खरंच आत्ताच सांगा. मुलावर लैंगिक अत्याचाराची शंका आली तर स्वतः उलटतपासणी न घेता, मूल जे म्हणालं ते त्याच्याच शब्दांत टिपून ताबडतोब सुपरवायझरकडे जा. २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ही माहिती दडवणं हा गुन्हा आहे.

बोलणी बसतील तेव्हा खुलासा देत बसू नका. काय सांगितलं ते वहीत लिहा, आणि दुसऱ्या दिवशी त्यातलं एक करून दाखवा. सुपरवायझर चुकतायत असं वाटलं तर रुग्णासमोर नाही, नंतर प्रश्नाच्या रूपात विचारा. अपवाद एकच: रुग्णाला या क्षणी इजा होणार असेल तर तिथल्या तिथे ‘मॅडम, ब्रेक’ असं मोठ्यानं म्हणा, कुणी रागावणार नाही. पण शिस्त आणि छळ यांत गल्लत करू नका. घरची कामं सांगणं, अंगचटीला येणं, सह्या अडवून धरणं हे प्रशिक्षणात बसत नाही. लैंगिक छळाची तक्रार २०१३ च्या कायद्याखाली अंतर्गत समितीकडे तीन महिन्यांच्या आत करता येते; वरच्या वर्गातल्यांच्या त्रासासाठी महाराष्ट्राचा १९९९ चा रॅगिंगविरोधी कायदा आहे. तारखा, निरोप, साक्षीदार लिहून ठेवा आणि महाविद्यालयातल्या एका शिक्षकांना पहिल्याच वेळी कळवा.

शेवटचा आठवडा बहुतेक मुलं परीक्षेच्या घाईत घालवतात. तुमच्याकडे असलेल्या प्रत्येक रुग्णाला निदान तीन दिवस आधी सांगा की शुक्रवारनंतर मी नसेन, पुढे कोण बघणार. दीर्घकाळ येणाऱ्या मुलांना आणि मनोविकार विभागातल्या रुग्णांना एक आठवडा आधी. पुढच्या बॅचसाठी रुग्णागणिक अर्धं पान: आत्ताची स्थिती, चालू ध्येय, काय करायचं नाही, पुढची तपासणी कधी. ‘काय करायचं नाही’ हा रकाना सर्वांत वर घ्या. नवी मुलगी सोमवारी सकाळी नऊला घाईत तेवढाच वाचते.